ह्यांना एकदा फसवायचं होतं

मला जगाला फसवायचं नव्हतं. मला फक्त ह्यांना फसवायचं होतं, एकदाच, आणि तेही पत्त्यांत. एवढी माफक इच्छा बाळगणाऱ्या बाईच्या वाट्याला किती जळफळाट यावा, याला काही सुमार?

सुरुवात गुडघ्यापासून झाली. मागच्या अंगणात घसरून पडले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पाय सरळ ठेवून बसून राहायला सांगितलं. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेलेली, हे दिवसभर कारखान्यात. कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये दुपारी इतकी शांतता असते की शेजारच्या कुकरची शिट्टी आपलीच वाटून माणूस उठायला बघतो. माझं मन रमावं म्हणून ह्यांनी अशोका गार्डनमधल्या दुकानातून पत्त्यांचा एक कॅट आणला. संध्याकाळी आम्ही रमी खेळायचो. पण दुपारचं काय करायचं? पत्ते छान पिसायला तरी शिकावं म्हणून मी फोनवर शोधत होते, तर एका माणसाचा व्हिडिओ लागला. त्यात त्याचे नुसते हात दिसत होते. त्या हातांनी एक पत्ता दाखवला, कॅटच्या मधोमध खुपसला आणि लगेच सगळ्यात वरचा पत्ता उलटून दाखवला. तोच होता! मी चहा गार होईपर्यंत तेच तेच बघत बसले.

त्यातली खोच सांगायला सोपी आहे. वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलायचे. म्हणजे मी तुम्हाला दाखवते तो वरचा पत्ता नसतोच, वरून दुसरा असतो. मग दोन्ही परत पालथे ठेवायचे आणि खरा वरचा, भलताच पत्ता, कॅटच्या मधे सारून द्यायचा. तुम्हाला वाटतं आपला पत्ता आत गेला. तो आपला वरतीच बसलेला असतो.

सांगायला सोपी, म्हटलं ना. माझे हात लहान. माझ्या आईला माझ्या मापाच्या बांगड्या मिळवायला बाजार पालथा घालावा लागायचा. त्या बोटांत दोन पत्ते धरले की ते हमखास एकमेकांवरून सरकायचे आणि दोन आहेत हे आंधळ्यालाही दिसायचं. पावसाळ्यात पत्ते बोटांना चिकटायचे, उन्हाळ्यात बोटं इतकी कोरडी पडायची की पत्ता पकडीतच यायचा नाही. कणीक मळताना, भाजी निवडताना मी डाव्या अंगठ्याची हालचाल करत असायचे. गुडघा बरा झाला, मी चालायला लागले, पण पत्ते काही सुटले नाहीत.

आणि ह्यांच्यासारखा प्रेक्षक लाभला, हे माझं नशीब. हे कारखान्यात तपासणी विभागात आहेत. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट काढण्याचा पगार घेतात. संध्याकाळी चहा घेऊन बसले की मी समोर जाऊन म्हणायचे, "अहो, बघा."

पहिल्यांदा म्हणाले, "बांगड्या वाजल्या." खरंच वाजल्या होत्या, नेमक्या त्या क्षणी. मी काचेच्या बांगड्या उतरवल्या आणि उजव्या हातात नुसती पाटली ठेवली. मग म्हणाले, "अंगठा उचकला." अंगठा बसवायला माझा अख्खा हिवाळा गेला. मग म्हणाले, "पत्ता जाड दिसतो." तेही बरोबर होतं. मी तेही सुधारलं. राग यायचा, पण चूक दाखवणारा माणूस खोटं बोलत नव्हता.

पुढे मात्र वेगळंच सुरू झालं. मी करायचे आणि हे नुसतं म्हणायचे, "आत्ता."

"आत्ता काय?"

"आत्ता काहीतरी केलंस."

"काय केलं?"

"ते नाही सांगता येत. पण आत्ता केलंस."

आणि दर वेळी अगदी बरोबर तेव्हाच म्हणायचे. मी पोळ्यांच्या डब्याला फोन टेकवून स्वतःच्या हातांचं चित्रीकरण केलं. हळू करून बघितलं, थांबवून थांबवून बघितलं. काही म्हणता काही दिसत नव्हतं. अंगठा शांत, पत्ते एकजीव. मग ह्यांना दिसतं तरी काय? मी आणखी सराव केला, आणखी हळू केलं, आणखी झटकन केलं. सोफ्यावरून मान वर करून हे म्हणायचे, "आत्ता." तिडीक कपाळात जायची माझ्या.

दिवाळीला वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याला फराळाला बोलावलं. दोघं नागपूरची, नवरा ह्यांच्याच कारखान्यात नवीन लागलेला. बायको तिशीच्या आतली, बोलकी, आल्याबरोबर घर आपलंसं करणारी. चकली खाता खाता तिला टीव्हीशेजारी ठेवलेला कॅट दिसला.

"बाप्पा! काकू, तुमच्याकडे पत्ते? मला येते न एक जादू! काका, इकडे या, तुम्ही काढा एक पत्ता."

ह्यांनी एक पत्ता काढला, बघितला, कॅटवर पालथा ठेवला. तिनं खालचा अर्धा कॅट उचलून त्यावर ठेवला. इतकंच. पण ठेवायच्या आधी तिनं सगळ्यात खालचा पत्ता बघून घेतला, तो इतका उघडपणे की मला तिच्या वतीनं लाज वाटली. ही शाळकरी मुलांची जादू. खालचा पत्ता लक्षात ठेवायचा, तो जाऊन निवडलेल्या पत्त्यावर बसतो, मग एकेक पत्ता उलटत गेलं की त्याच्या पाठोपाठ आपला पत्ता येतो. यात हात नाही, अंगठा नाही, सराव नाही. चार पत्ते ज्याला धरता येतात त्याला ही जमते.

पण तिनं एवढ्यावर थांबवलं नाही. तिनं पत्ते टेबलावर उताणे पसरले आणि ह्यांचं मनगट धरलं.

"आता काका, मी तुमची नाडी बघणार. तुमच्या पत्त्याजवळ हात आला न, की नाडी उडते."

आणि ती ह्यांचा हात धरून पत्त्यांवरून फिरवायला लागली. हे बसलेत आपले, डोळे मोठे करून, शाळेत तपासणीला उभे केल्यासारखे. हात एका पत्त्यावर थांबला. "हा! उडली नाडी!" तिनं पत्ता उचलून दाखवला. किलवर नव्वी.

"अरे!" हे खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "गजब है भई! अगं, बघितलंस का? कसं काय?" आणि हसले. तोंड उघडं टाकून, पोरासारखे हसले.

ते तोंड मी लग्नानंतर फार क्वचित पाहिलं आहे. मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हा एकदा. मी त्या तोंडासाठी बांगड्या उतरवल्या होत्या, दुपारची झोप सोडली होती, अंगठ्याचं कातडं सोलवटून घेतलं होतं. ते तोंड ह्या बाईला एका चकलीच्या अवकाशात मिळालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून आत गेले आणि कारण नसताना शंकरपाळ्यांचा डबा भरून आणला.

ती गेल्यावर हे म्हणाले, "तुला कळलं का कसं केलं ते?"

"कळलं."

"सांग ना."

"नाही सांगणार." जादूचं गुपित सांगायचं नसतं, असं मी म्हटलं. खरं कारण असं की सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, एवढंच? आणि मग त्यांना त्यातही कौतुक वाटलं असतं.

पुढचे कित्येक दिवस घरात तीच एक गोष्ट. कारखान्यातल्या मित्राला फोनवर सांगताना, "यार, नाडी पकडकर पत्ता बता दिया!" मुलीला सांगताना तर नक्कलही करून दाखवली, स्वतःचं मनगट स्वतः धरून. पिकतं तिथे विकत नाही, हे मला माहीत होतं. पण समोरच्या दुकानातला शिळा माल पाहून आपलंच माणूस गिऱ्हाईक व्हावं, याला काय म्हणावं? जिन्यात ती भेटली की "काकू, कशा आहात?" म्हणायची आणि मी बरी आहे असं पायऱ्यांना सांगून पुढे जायचे. तिनं फराळ घालून दिलेली वाटी परत करायची होती, ती मी रिकामीच पाठवली. रिकामी वाटी परत पाठवणं म्हणजे काय, ते मराठी बायकांना सांगायला नको.

तिला मात्र काही कळलं नाही. एका दुपारी ती स्वतःच दारात उभी.

"काकू, मला शिकवा न पत्ते. काका म्हणतात, खरी उस्ताद तर तुम्ही आहे."

मला बरं वाटलं आणि तेवढाच संताप आला. हे तिला सांगतात, मला नाही! मी कॅट घेतला आणि तिच्यासमोर केलं. पत्ता दाखवला, मधे सारला, वरचा उलटला. ती किंचाळली. "बाप्पा! परत करा न काकू, परत!" मी परत केलं, परत एकदा केलं. ती डोळे फाडून माझ्या बोटांकडे बघत होती आणि तिला काही म्हणता काही दिसत नव्हतं. पाहिजे होतं ते तोंड समोर होतं, पण भलत्याच माणसाचं. मला त्याचं काय करायचं होतं?

"मग काकांना कसं कळते?" ती हसत म्हणाली.

"कोण म्हणालं, कळतं?"

"काकाच म्हणत होते. ते तर पत्ते बघतच नाहीत. म्हणतात, काकूकडे पाहत राहायचं, बस. काकू ते करताना खालचा ओठ आत घेते. सुईत दोरा ओवताना घेते न, तसा."

मी तिला चहा विचारायचंही विसरले. इतके दिवस मी बोटं घासत होते आणि चोरी पकडली जात होती ओठांवर! आणि हे कुणाला सांगितलं, तर तिला. माझ्या तोंडाची गोष्ट तिच्याजवळ. मला नाही का सांगता येत? नंतर मी विचारलं तेव्हा हे सरळ म्हणाले, "सांगितलं असतं तर तू ओठ आत घ्यायचं बंद केलं असतंस." मी मनात ठरवलं की आता बघतेच.

त्या दिवसापासून मी हातांचा सराव सोडला. आरशासमोर बसून तोंडाचा सराव सुरू केला. पत्ते हातात चालू, नजर आरशात. ओठ खरंच आत जायचा, मला कधी कळलंही नव्हतं. तो आवरला तर भुवई वर जायची. भुवई आवरली तर श्वास अडकायचा. शेवटी उपाय सापडला. नेमक्या त्या क्षणी मनात एकोणतिसाचा पाढा म्हणायचा. लहानपणी वडील म्हणायला लावायचे तेव्हापासून तो पाढा म्हणताना माझ्या चेहऱ्यावर कुठलाही भाव राहत नाही. आरशातल्या बाईकडे बघून मलाच कळेना की ही काही करते आहे.

रविवारी सकाळी हे पोहे आणि जिलबी घेऊन आले. दोघं टेबलाशी बसलो. मी कॅट काढला.

"अहो, बघा."

हे बघायला लागले. माझ्याकडे. आता मला माहीत होतं कुठे बघतात ते. मी इस्पिक पंजी दाखवली. एकोणतीस एके एकोणतीस. दोन्ही पत्ते पालथे ठेवले, वरचा काढून मधे सारला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. ओठ जागेवर, भुवई जागेवर, श्वास चालू. ह्यांचं "आत्ता" आलं नाही. जिलबीचा तुकडा हातात तसाच धरून बघत राहिले. मी मनातून नाचत होते. वरचा पत्ता उलटला आणि त्यांच्यासमोर धरला. इस्पिक पंजी!

हे अजून माझ्याकडेच बघत होते.

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पत्ता बघा."

"गुडघा दुखतोय का?"

"नाही हो. पत्ता बघा ना."

"बघतो. आधी सांग, काय झालं? मुलीचा फोन आला होता का? काही म्हणाली का ती?" त्यांनी जिलबी खाली ठेवली, हात पुसले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "असा चेहरा नव्हता तुझा कधी."

मी पत्ता आणखी पुढे केला. त्यांनी तो हातानं बाजूला केला, माशी बाजूला करावी तसा, आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. त्या बाईला मिळालेलं ते तोंड मला आता कधीच मिळणार नव्हतं, कारण हा माणूस माझ्या हाताकडे बघणारच नव्हता. जिंकले होते मी, आणि ते सांगायलाही कुणी नव्हतं.

मला रडू यायला लागलं. ह्यांना वाटलं, आपला अंदाज बरोबर निघाला.