हळदीतलं मतदान

रोडपालीच्या एका हळदीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. त्याचा मुलगा युद्धात मारला गेला होता. कसा, ते कुणी सांगत नव्हतं. त्या युद्धाच्या चौकशीच्या मागणीवर लोकसभेत तीनदा मतदान झालं. तिन्ही वेळा आमचे खासदार गैरहजर, अशी नोंद त्याने तीन लग्नपत्रिकांमागे ठेवली होती.

"दिल्लीत नाय, पन हलदीला सायब हाय!" तो मला म्हणाला.

तेवढ्यात खासदारसाहेब आले आणि डीजेपुढे नाचू लागले. म्हातारा उठून ओरडला, "चौकशी पायजे त्यांनी हात वर करा!"

नाचणाऱ्यांना काही ऐकू गेलं नाही, पण सगळ्यांचे हात वरच होते. साहेबांचे तर दोन्ही. म्हाताऱ्याने चौथ्या पत्रिकेमागे लिहिलं: 'हजर. बाजूने.'

"तुमी ऐकलं ना? मंग साक्षीदार म्हनून सही करा."

सही करताना लक्षात आलं, त्याचा प्रश्न फक्त मीच ऐकला होता, आणि माझा हात खालीच राहिला होता.