खडी फोडलेले हात

दुष्काळात आधी विहिरी आटल्या असं लोक सांगतात. आमच्या घरात आधी बाजार आटला. उदगीरच्या बाजारातून नाना, म्हणजे माझे वडील, लुगड्यांचं गाठोडं जसंच्या तसं परत आणायचे. पोटाला नाही तिथं लुगडं कोण घेणार! अन् आमचं सगळं घर नानांच्या हातमागावर चालायचं. आई सूत उकलायची, मी चरख्यावर कांड्या भरायची, नाना मागाच्या खड्ड्यात पाय सोडून आडव्या धाग्याचा धोटा फेकायचे. माग थांबला, तिघांचेही हात रिकामे झाले. मला तर घरात बसवेना. सारखी दारातून परसात, परसातून दारात.

शेवटी नाना दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. सुकडी मिळायची, आम्ही जगलो. पण तो मेला हातोडा मला आजही डोळ्यांपुढं नको!

पाऊस झाल्यावर नानांनी घाईघाईनं मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, जोडायला घेतला. पहिलाच धागा बोटाला अडकला अन् तुटला. तळव्यांना भेगा, बोटांवर घट्टे. तुटलेला जोडायला गेले की शेजारचा तुटायचा. आई करडीचं तेल चोळायची. "दम धरा की जरा," म्हणायची. दम होता कुणाला! नाना खड्ड्यात उतरायचे, वर यायचे, पुन्हा उतरायचे. एक दिवस फावडं घेतलं आणि खड्डाच बुजवला.

"लई झालं आता," एवढंच म्हणाले. मागाची लाकडं चुलीत गेली. आई त्या दिवशी जेवली नाही.

मग काही वर्षं मिळेल ती हमाली. लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा नाना तिथल्या नव्या कचेरीत शिपाई लागले. चहा द्यायचा, कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे. पगार वेळेवर. आई खूश, मीही खूश. नाना तेवढे सुट्टीला आले तरी अंगणात येरझारा घालायचे.

अशाच एका रविवारी मी त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होते. दोरा तुटला.

"आण इकडं." त्यांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली, अंगठा फिरवला, गाठ बसली. मुद्दाम तोडला, पुन्हा जोडला. कागद उचलून उचलून हात मऊ पडले होते.

"अगं, जमतंय की!" नाना ओरडले अन् तडक आत गेले, माग होता त्या कोपऱ्यात. तिथं आता ज्वारीची कणगी होती.

"काय हुडकताय?" आईनं विचारलं.

"काही न्हाई."

मला रडू फुटलं. नानांनी सदरा तसाच बिनबटणाचा अंगात घातला आणि लातूरच्या गाडीला वेळ असतानाच घराबाहेर पडले.