करडीच्या धुऱ्यावर दोन अणू

तुमसरहून गाडी निघाली आणि आमच्या विज्ञानफेरीच्या प्रमुख सरांनी बजावलं, "करडीत भोंदूबाबांवरच बोल. अतिथंड अणूंवर बोललीस आणि लोक उठले, तर हा विषय फेरीतून बाद."

मी भडकले. शहराला अणू आणि गावाला फक्त बाबा? ही वाटणी केली कोणी?

करडीत निम्मा धान कापून झाला होता. उतरल्या उतरल्या लाखोरीच्या डाळीचे वडे हातात आले. घाईत जीभ पोळली, त्यामुळे भाषण बोबडंच सुरू झालं. तलावाच्या पाळीवर माणसं बसली होती. मी अणूंवरच बोलले. एक अणू हलका, एक जड. अतोनात थंड केले की दोघे मंदावतात. मोकळ्यावर एकमेकांची फारशी दखलही घेत नाहीत. पण लेझरच्या प्रकाशाच्या अरुंद नळीत कोंडले, तर एका ठरावीक अरुंदीला एकमेकांवर जबर परिणाम करतात.

दोघे-तिघे उठले. सरांनी नाराजीने मान हलवली.

पुढे बसलेल्या शांताकाकू म्हणाल्या, "अरुंद केल्यानं काहून बदलते वं?"

मी समोरचा धुरा (धानाच्या शेताचा अरुंद बांध) दाखवला. "काकू, धानाचा भारा घेऊन इकडून या. महादेवदादा, तुम्हीही भारा घेऊन तिकडून." काकूंशेजारी बसलेले धिप्पाड दादा वजनाने त्यांच्या दुप्पट होते.

डोक्यावर भारा असला की इथे धुरा सोडून कोणी उतरत नाही. धक्क्याने लोंब्यांतले दाणे झडतात. दोघं मधोमध अडली.

"धरून ठेव वं शांते, रेडा येऊन राहिला!" बाया ओरडल्या.

जागा बदलायला एकमेकांचे दंड धरून दोघांनी गिरकी घेतली. दादा जेमतेम हलले, काकू भिरभिरल्या, आणि गिरकीसोबत जोडीच पुढे सरकली.

"बघा! दोघं सारखी असती तर गिरकी वेगळी, सरकणं वेगळं मोजता आलं असतं. इथे दोन्ही गुंतले. उदाहरण लंगडं आहे, अणूंना हात नसतात. पण वेगळे अणू कोंडले की त्यांच्या हालचाली अशाच गुंततात."

उठलेले परत येऊन बसले होते.

धापा टाकत काकूंनी विचारलं, "अन् आणखी अरुंद केलं त?"

"ती ठरावीक अरुंदी ओलांडली की ढकलणं जाऊन ओढही येऊ शकते."

"हात् बाप्पा! नवरा-बायकोवाणीच हाये मंग!"

पाळ हसून दणाणली. अंधार पडेपर्यंत प्रश्न थांबले नाहीत. बाबांबद्दल एकही नाही.

परतताना सर म्हणाले, "उद्या दिघोरी. तिथे अणूच सांग."

मी जिंकले होते, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. 'गावाला कळत नाही' हे वाक्य समजावून न सांगणाऱ्यांनीच रचलेलं आहे. करडीने ते एका दुपारी खोटं पाडलं.