सेफ्टीचा शेंदूर

पिराजी सायझरनं उभ्या आयुष्यात एकाच माणसाला तोंड भरून शिव्या घातल्या, आणि त्या वेळी तो माणूस चादरीखाली मरून पडला होता.

दोन हजार चारचा उन्हाळा. हातकणंगल्याकडच्या एका सायझिंगमध्ये सिलिंडर फुटला असा सकाळीच कबनुरात बोभाटा झाला आणि जो तो तिकडं सुटला. पिराजीही तानाबाईला, आपल्या बायकोला, सायकलीवर मागं बसवून गेला. नवरा-बायको दोघं बाळासो मालकांच्या सायझिंगमध्ये कामाला. तेव्हा आपल्यासारख्यांचं काय झालं ते बघायला पाय आपोआप वळणारच.

सायझिंग म्हणजे सुताला खळ लावून वाळवायचा कारखाना, आणि तिथली मशीन चालवणारा तो सायझर. कच्चं सूत तसंच मागावर चढवलं तर तटातट तुटतं. म्हणून ते उकळत्या खळीतून काढायचं आणि पत्र्याच्या मोठ्या पोकळ ढोलांवरून फिरवायचं. या ढोलांनाच सिलिंडर म्हणतात. आत वाफ खेळत असते, वरून ओलं सूत सरकत असतं, आणि पलीकडं कडकडीत कोरडं होऊन बाहेर पडतं. ही वाफ म्हणजे काही चहाच्या आधणाची वाफ नव्हे. ती कोंडली तर काय करते, ते त्या सकाळी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

भिंत जागेवर नव्हती. छताचे पत्रे रस्त्यापलीकडच्या उसात जाऊन पडले होते. विजेच्या खांबावर, बाभळीवर, कुणाच्या तरी उभ्या मोटारसायकलीवर पांढरं सूत लोंबत होतं. सायझर जागीच गेला होता. त्याच्याबरोबर क्रीलवरची एक बाईही गेली होती. क्रील म्हणजे सुताचे कोन चढवायची लोखंडी चौकट. बाळासोंच्या सायझिंगमध्ये तानाबाईही हेच काम करत होती, सिलिंडरपासून चार हातांवर उभी राहून. त्या बाईची एक चप्पल दारात तशीच पडलेली पाहून तानाबाईनं नवऱ्याचा दंड जो धरला, तो सोडलाच नाही.

गर्दीत कुणीतरी म्हणालं, सेफ्टीतून सारखी वाफ सुटायची म्हणून सायझरनं ती तारेनं आवळून टाकली होती. वाफ जास्त झाली तर जी झडप आपसूक उघडते, ती सेफ्टी. हे ऐकलं मात्र, पिराजीचं डोकं फिरलं.

"असल्याचं हात तोडाय पायजेत!" तो ओरडला. "सेफ्टी बांधतोय व्हय रं? दुसऱ्याच्या बायकापोरांचा जीव काय रस्त्यावर पडलाय?"

"पावणं, मेलाय की त्यो," कुणीतरी दबकत म्हणालं.

"मेला तर एकटा मरायचा हुता!"

तानाबाईनं त्याला ओढतच बाहेर आणलं. घरी आल्यावर तिनं सरळ सांगून टाकलं, "मी न्हाय जात उद्यापासनं. त्या बाईची चप्पल डोळ्यांम्होरनं हलंना झालीया."

"खुळी का काय तू?" पिराजी म्हणाला. "आपल्या हितं देव जागा हाय. आणि मी काय मेलोय? माझा शबुद हाय तुला."

ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. नवऱ्याचा शब्द होता, आणि शिवाय देव होता.

आता हा देव कोण, ते सांगायला हवं. पिराजी मूळचा बिद्रीकडचा. शेत भावांत वाटून वावभर उरलं, तेव्हा तो कबनूरला आला, खळीच्या हंड्याजवळ पडेल ते काम करत करत सायझर झाला. ब्याण्णव साली बाळासोंनी कुठून तरी जुनी मशीन आणली, आणि ती याच्या हातात दिली. सिलिंडरच्या पाइपावर मधोमध पितळेची, मुठीएवढी, घुमटीसारखी सेफ्टी बसवलेली होती. पहिल्याच वर्षी एकदा त्या सेफ्टीतून अशी काही वाफ उसळली की शेजारी उभ्या गुंडू नावाच्या कामगाराचा खांदा सोलून निघाला. हाहाकार झाला. बायका म्हणाल्या, मशीनला देव नाही म्हणून हे झालं. पिराजीच्या गावच्या शेतात कडुलिंबाखाली भैरोबाचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला बिनचेहऱ्याचा दगड होता, साधारण त्या सेफ्टीच्याच घडणीचा. त्याला ते पटलं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होतेच. पिराजीनं सेफ्टीला तेलात कालवलेला शेंदूर चोपडला, नारळ फोडला, आणि हात जोडून म्हणाला, "कोपू नगंस बाबा."

आणि देव खरोखरच कोपला नाही! एकदाही नाही. दुसऱ्यांच्या सायझिंगमध्ये सेफ्ट्या फुसफुसायच्या, बाळासोंची सेफ्टी शांत. दर खंडेनवमीला शेंदराचा नवा हात चढायचा. पुढं पुढं तर शनिवारीही कुणीतरी बोटभर लावून जायचं. बाळासो पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे, "आमच्या पिराजीचा हात असा हाय, की सेफ्टीनं कधी तोंड उघडलं न्हाय." त्यावर पिराजी मान खाली घालायचा, पण मिशीतल्या मिशीत हसायचाही. देवाच्या कौतुकात आपलाही वाटा असेल तर ते कुणाला आवडत नाही?

त्या स्फोटानं मात्र बाळासोंनी हाय खाल्ली. त्यांनी कर्नाटकाच्या सीमेकडच्या एका फिटरला बोलावलं. त्याचं नाव शिवकुमार, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलायला मोजका. रविवारी सायझिंग बंद ठेवून त्यानं एकेक नळी, दाब दाखवणारं एकेक गेज तपासलं. पाइपाच्या मधोमध येऊन तो थांबला. तिथं नारळाएवढा भगवा गोळा होता.

"काका, हे काय?"

"देव हाय आमचा," पिराजी म्हणाला.

"आणि सेफ्टी?"

"तीच की ती."

शिवकुमारनं आधी हात जोडले, मग पाना हातात घेतला. वर्षानुवर्षांचा शेंदूर वाफेच्या धगीनं भाजून दगड झाला होता. छिन्नीनं ठोकल्यावर त्याची खापरं निघू लागली, आणि आतून हिरवट पडलेलं पितळ दिसलं. वाफ बाहेर पडायचं तोंड शेंदरानं पार बुजलेलं होतं. पिराजीला अजून काही कळलं नव्हतं. उलट त्याला वाटलं, जुनं कवच निघालं, देव मोकळा झाला.

शिवकुमारनं सेफ्टी उतरवून हातपंपाला जोडली आणि पाण्याचा दाब द्यायला लागला. गेजचा काटा चारवर आला.

"हितं उघडाय पायजे," तो म्हणाला.

काटा पाचवर गेला. सहावर गेला. पिराजी वाकून बघू लागला. काटा आठवर गेला, तरी ती पितळी घुमटी ढिम्म हलली नाही. शिवकुमारनं पंप सोडला आणि कपाळाचा घाम पुसला.

"काका, ही मेलीया. शेंदूर आत झिरपून कवाच मेलीया."

"आरं पर हिनं कधी वाफ सोडली न्हाय! इतकी वर्सं एकदाबी न्हाय!"

"म्हणूनच म्हणतोय. तिला सोडताच येत नव्हती."

पिराजी मटकन खाली बसला. शिवकुमार समजावत होता, की गुंडू भाजला त्या दिवशी वाफेचा दाब वाढला होता आणि सेफ्टीनं उघडून सगळ्यांना वाचवलं होतं, पुढं दाब कधी वाढला नाही हे केवळ नशीब. पण यातलं निम्मं त्याच्या कानांत शिरलंच नाही. त्याच्या डोळ्यांपुढं दारात पडलेली ती चप्पल होती. अरे, ज्या दिवशी देवानं वाचवलं, त्या दिवसाला आपण कोप म्हणालो? आणि त्याच्या तोंडात आपण आपल्या हातानं बोळा कोंबत बसलो? त्या मेलेल्या सायझरनं तार तरी बांधली होती, ती कुणालाही दिसली असती. आपली तार कुणाला दिसणार? तिच्यापुढं तर लोक हात जोडत होते!

बाळासोंनी दार लोटून घेतलं.

"पिराजी, ह्यातला एक शबुद भाईर जाता कामा नये. बायका कामं सोडून जातील. नवी सेफ्टी बसवू, मिटलं."

पिराजीनं मान हलवली. घरी तानाबाईनं विचारलं, "सगळं ठीक हाय न्हवं?" तो "व्हय" म्हणाला आणि न जेवताच आडवा झाला.

दोन दिवसांनी नवी सेफ्टी बसली. सगळे कामावर असतानाच शिवकुमारनं वाफ वाढवली, कारण ती वेळेवर उघडते की नाही ते बघणं भाग होतं. काटा चारवर आला आणि सेफ्टीनं अशी किंकाळी फोडली की अख्खं सायझिंग हादरलं. पांढरा लोट छताला जाऊन भिडला. बायका किंचाळत अंगणात पळाल्या. शिवकुमारनं दाब उतरवला, आवाज थांबला, तरी कुणी आत यायला धजेना.

"देव कोपला गं बाई! उघडा केला त्याला, म्हणून कोपला!" म्हातारी चिमणाबाई म्हणाली, आणि देवळीतली शेंदराची वाटी घेऊन लगबगीनं मशीनकडं निघाली. तिची बोटं शेंदरात बुडलेली होती.

बाळासोंनी तोंड फिरवलं. शिवकुमार पिराजीकडं बघत होता. पिराजीला वाटलं, एक क्षण तोंड मिटून राहिलं की सगळं पहिल्यासारखं होईल. अगदी पहिल्यासारखं! म्हणजे पुन्हा बंद सेफ्टी, आणि चार हातांवर तानाबाई. त्यानं धावत जाऊन चिमणाबाईचा हात धरला, वाटी खाली पडली.

"शेंदूर लावू नगा!" त्याचा आवाज फाटला. "शेंदरानंच बंद पडली हुती जुनी. इतकी वर्सं बंद हुती. वाफ वाढली असती तर आपलंबी त्या हातकणंगल्यावाणीच झालं असतं. मीच लावला, मीच बंद पाडली. देव गप न्हवता, मी त्याचं तोंड दाबलं हुतं!"

गुंडूचा हात आपल्या भाजलेल्या खांद्याकडं गेला. चिमणाबाई आपल्या भगव्या बोटांकडं बघत राहिली, मग ती पदराला पुसू लागली.

तानाबाई पुढं आली. ती ओरडेल, रडेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं नवऱ्याचे दोन्ही हात धरले, तळवे वर केले आणि नीट बघितले. नखांच्या कडेला कित्येक वर्षांचा शेंदूर होता.

"अवो, तोडाय पायजेत म्हणत हुतासा, ते हेच हात न्हवं?"

पिराजीला हात मागं घेता येईनात.

"मी कुणाच्या शबदावर हुबी ऱ्हायलो हितं?" ती म्हणाली, आणि हात सोडून घरी निघून गेली.

चौथ्या दिवशी ती परत आली. क्रीलपाशी न जाता ती दारातच थांबली. पिराजीनं वाफ चालू केली, सेफ्टी हातानं उघडून बघायची दांडी धरली आणि उचलली. किंकाळी उठली, थांबली. तेव्हा कुठं तानाबाई आत आली आणि कोन चढवायला लागली.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. ती दारात उभी राहते, पिराजी दांडी उचलतो. एकदा तो म्हणाला, "मी तपासलीया मगाशीच, ये आत." तानाबाई जागची हलली नाही. पिराजी परत मशीनकडं गेला आणि त्यानं दांडी उचलली.