बानूबाई सुनेला हात लावत न्हाई

बानूबाई माजी सासू. तिला जाऊन लई वर्सं झाली, तरी नाव काढलं की माजं डोकं उठतं. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात, मला जमत न्हाई. तोंडानं फटकळ, नाकावर माशी बसू द्यायची न्हाई, आन् सून म्हंजे तिच्या लेखी गोठ्यातलं जित्राब. पण हात! हात मातर देवानं दिलेले. वारूळवाडीत आमचं घर, तिथनं नारायणगाव, पार येडगावपतोर पोटुशी बायकांना तेल लावायला हिलाच बोलावणं यायचं.

आमी मूळचे मेंढरं वळणारे. ही विद्या ती गाभण मेंढ्यांवर शिकली व्हती. गाभण मेंढीला पळवायची न्हाई, उताणी पाडायची न्हाई, उन्हात कोंडायची न्हाई. बायकांना बी तेच नेम, आन् बोलणं बी तेच. एखादी उताणी झोपली की वराडायची, "वळ की कुशीवर, मेंढरालाबी कळतं ते!"

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या व्हत्या, त्या साली मला दिवस गेले. मी सोमाजीची दुसरी बायको. पहिली बयाबाई तापानं गेली, असं सांगून माज्या बापानं राजुरीहून मला इथं दिली व्हती. दिवाळी झाली की सोमाजी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तसा तो गेलेला. घरात आमी दोघीच, सासू आन् सून.

सातव्यात माजी कंबर मोडून आली. बसता येईना, उठता येईना. म्हटलं, सासू साऱ्या गावाची पाठ चोळती, माजी बी चोळंल.

"आत्याबाई, वाईच कंबरेला तेल लावा की."

"तुजं तू लाव."

"पाठीला माजा हात पुरतो व्हय?"

"मग भितीला घास."

भितीला घास! ऐका. मी काय म्हैस हाय? त्या दिवशी तळपायाची आग मस्तकाला गेली. वर जाता जाता शिकवायची ती येगळीच. कढत पाण्यानं न्हाऊ नको, हंडा उचलू नको, धुराजवळ बसू नको. हे नको आन् ते नको, पण हात लावीन म्हणून एक शबूद न्हाई.

मला आठवा म्हैना लागला, त्यातच बाजाराच्या दिवशी नारायणगावात ताहेराची गाठ पडली. कापडवाल्या अजीजभाईची ती सून, तिला बी आठवाच म्हैना. मला बघून वट्यावर बसवलं आन् सासूचं कौतुक सुरू केलं. "नशीबवान आहेस गं तू! बानूमावशी मला कुशीवर निजवते, गुडघ्यांमधे उशी देते. तेल आधी आपल्या तळहातावर कोमट करते, मग पाठ, कंबर, पोटऱ्या. पोटाला बोटसुद्धा नाही. मग पाण्यात स्वतःचं कोपर बुडवून बघते आणि त्या कोमट पाण्यानं न्हाऊ घालते. मला तर तिथंच झोप लागते. तुला तर घरात रोजच!"

रोजच! माज्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं तिखटाचा बाजार हाय, डोळ्यात गेलं. सांगणार काय? परक्याच्या सुनेला उशी देती आन् मला भित?

मी बी जिद्दीला पेटले. दुसऱ्या दिवशी सासू ताहेराकडं गेली तशी खालच्या आळीतल्या भागूला हाक मारली. ही बी सुईणपण करायची. ती सासूवर जळती हे साऱ्या गावाला ठाऊक, म्हणून तर म्या बोलावली. तिनं चुलीवर हंडा तापवला, न्हाणीच्या दाराला घोंगडं टांगलं, आत शेगडी ठेवून तिच्यावर ओवा टाकला. सगळी न्हाणी वाफेनं आन् धुरानं भरली. आन् खोटं कशाला बोलू, पहिला तांब्या अंगावर पडला तवा स्वर्ग मिळाला. कंबर सुटली. वाटलं, हेच तर मागत व्हते मी! म्हटलं, घाल अजून कढत.

मग तिनं मला तिथंच उताणी निजवली आन् पोट चाचपलं. "आडवं हाय गं लेकरू. थांब, चोळून सरळ करते." एवढं ऐकलं आन् माज्या डोळ्यांपुढं अंधारी आली. घामानं चिंब, जीव गुदमरला, बोलायला तोंड उघडंना.

तेवढ्यात घोंगडं फाटकन खाली आलं. सासू! ताहेरा माहेरी गेली म्हणून अर्ध्या वाटंवरनं परत आलेली. तिनं शेगडी लाथंनं बाहेर उडवली, भागूचा दंड धरून तिला अंगणात काढली, मला कुशीवर वळवली आन् माज्या तोंडावर गार पाणी मारलं.

"भागे, तिच्या पोटाला हात लावलास तर तुजी बोटं मोडीन!"

भागू का ऐकून घेती? कमरेवर हात ठिवून साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी वरडली, "मला शिकवती? सोमाजीच्या पहिल्या बायकूचं पोट कुणी चोळलं व्हतं गं? आडवं हाय, सरळ करते म्हणून बयाबाईला आठव्यात कुणी रगडली? दोन जीव खाल्लेस आन् ताप आला म्हणून सांगितलंस!"

सासू मान खाली घालून उंबऱ्यावर जाऊन बसली.

भागू निघून गेली. मी तिथंच डाव्या कुशीवर पडलेली. हळूहळू डोकं ठिकाणावर आलं आन् ध्यानात आलं, पोटातलं हलत न्हाई. सकाळपतोर तर उड्या मारत व्हतं. दिवस कलला तरी हालचाल न्हाई. माजा सगळा जीव त्या पोटात गोळा झाला. वाटलं, माज्या हट्टानं गेलं. मग वाटलं, न्हाई, हिच्यामुळं गेलं. हिनं हात लावला असता तर मी त्या भागूला कशाला बोलावली असती?

"लावा आता हात," मी किंचाळले. "बयाबाईला लावला तोच लावा! आन् सांगा, जितं हाय का न्हाई ते!"

बानूबाई तशीच लांब उंबऱ्यावर बसली व्हती. तिथनंच न्हाई म्हणून मान हलवली. मी सरकत गेले, तिचं मनगट धरलं आन् हात माज्या पोटावर ठिवला, शेजारी माजा. दांडगी बाई ती, मेंढा आडवा पाडायची, पण हात ओढून घेतला न्हाई. तिनं दाबला न्हाई. नुसता ठिवला. किती येळ गेला कुणास ठाऊक. मग आतनं लाथ बसली. आमच्या दोघींच्या हाताला एकदमच लागली.

"हाय," ती म्हणाली. "आडवंच हाय. ऱ्हाऊ दे."

त्या दिवसापासनं तिनं मला रोज तेल लावलं. कुशीवर निजवून, कोपरानं पाणी बघून. ताहेरा बोलली त्यात काय खोटं न्हवतं. अंग निवायचं, डोळा लागायचा. पण मी तिच्याशी बोलत न्हवते. तापानं गेली म्हणून माज्या बापाला सांगणारी हीच बाई ना? हातांचं सुख घेत व्हते आन् मनात शिव्या देत व्हते.

दिवस भरले तवा सासूनं स्वतः पुढं व्हायचं नाकारलं. नारायणगावची नर्सबाई बोलावली. लेकरू सुखरूप आलं, डोक्याकडनं, सरळ. दाराशी उभ्या सासूनं इचारलं, "बाई, आठव्यात आडवं व्हतं की हो हे."

नर्सबाई हात धूत म्हणाली, "असतं बऱ्याचदा. शेवटी आपलं आपणच फिरतं."

"न चोळता?"

"चोळायचं कशाला, मावशी?"

सासू दाराला टेकून खाली बसली. तेलाची वाटी हातातच व्हती. "म्हंजे बयीचं बी फिरलं असतं," ती म्हणाली. नर्सबाईला काय कळलं न्हाई. मला कळलं.

तिनं माज्याकडं बघितलं. आत्याबाई, तुमाला काय ठाऊक व्हतं, एवढंच तिला ऐकायचं व्हतं. जिभंवर आलं बी व्हतं माज्या. म्या लेकराला कुशीत घेतलं आन् भितीकडं तोंड केलं.