कागदावरची कपाशी आणि वावरातली संत्री

सातबाऱ्यावर विहीर नव्हती आणि मी विहिरीच्या काठावर उभी होते. सोबत दोघं होते. एक माझे क्लायंट, अमरावतीचे डॉक्टर. दुसरे मोर्शीजवळचे शेतकरी रामभाऊ, ज्यांचा संत्र्याचा बगीचा डॉक्टरांना विकत घ्यायचा होता. डॉक्टर झाडांसोबत फोटो काढण्यात गुंग. मी उन्हात कागद उलटेपालटे करत होते.

माझं काम टायटल सर्चचं. विकणाऱ्याकडे जमीन आली कुठून, हे जुनी खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि फेरफार बघत मागे मागे जाऊन शोधायचं. फेरफार म्हणजे मालक बदलल्याची तलाठ्याकडची नोंद. इथे सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. आजोबांनी रीतसर मृत्युपत्र केलेलं. नाल्याकडचा गट थोरल्या मुलाला, रस्त्याकडचा धाकट्याला. रामभाऊ थोरल्याचे एकुलते वारस. कर्ज नाही, कोर्टकेस नाही. रिपोर्ट टाइप होऊन तयार होता. पण शेत डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही माझी खोड. बाररूममध्ये त्यावरून माझी भरपूर टिंगल होते.

"रामभाऊ, तुमच्या गटाला नाला लागून पाहिजे. इथे तर डांबरी रस्ता आहे."

"नाला तिकडं हाये ना जी. देवरावच्या वावरात."

"देवराव कोण?"

"माह्या काकाचा पोरगा. आमी बोलत नाई."

पलीकडे देवरावांची कपाशी उभी होती. कागदाप्रमाणे ती कपाशी रामभाऊंच्या जमिनीत होती, आणि रामभाऊंचा बगीचा देवरावांच्या. मी हे सांगितलं तर रामभाऊ हसले.

"थे तं आमच्या बापायनं बदलून घेतलं होतं."

झालं होतं असं. नाल्याकडच्या वावरात पिंपळ, आणि पिंपळावर म्हणे मुंजा. मुंज झाली पण लग्नाआधीच वारला, अशा मुलाचं भूत. रामभाऊंच्या आई लग्न होऊन आल्या, पण त्या वावरात पाय ठेवेनात. मग दोघा भावांनी सुपारी खाता खाता वावरं बदलून घेतली. एकमेकांवर इतका विश्वास, की कागदाची कोणाला आठवणही झाली नाही. थोरल्यानं इकडे विहीर खोदली, पुढे रामभाऊंनी बगीचा लावला. धाकट्याचं आणि मुंजाचं तिकडे छान जमलं.

"म्हणजे मी हे खरेदीखत केलं असतं तर मला काय मिळालं असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कपाशी आणि मुंजा," मी म्हणाले.

रामभाऊंचा चेहरा मात्र आता उतरला. देवरावांनी कागद पुढे केला असता तर बगीचा कोर्टात अडकून पडला असता. रामभाऊंचे गुडघे गेलेले, मुलगा पुण्यात, झाडांकडे बघायला कोणी नाही. म्हणून तर ते विकत होते.

"एकेका झाडाले हातानं पानी घातलं जी मी," एवढंच ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. देवरावांशी मी बोलते, असं कबूल करून बसले.

देवराव घराच्या ओट्यावरच भेटले. मी सगळं समजावलं. अशा अदलाबदलीसाठी शासनाची सवलतीची योजना आहे, दोघांनी सह्या केल्या की दस्त नोंदवता येतो.

"मंजे बगीचा माह्या नावानं हाये?"

"हो," मी म्हणाले, आणि जीभ चावली. समोरच्या पार्टीला तिचा फायदा घरी जाऊन सांगणारी वकील मी एकटीच असेन.

"बगीचा त्याचाच हाये. कागद काई बी म्हनो. पन मी सई नाई करत."

"काहून?" मीही वऱ्हाडीच. चिडले की बाहेर येतं.

"पोरीच्या लग्नात त्यानं साऱ्या गावाले टोपी-दुपट्टा देल्ला. मले नाई देल्ला."

आमच्याकडे लग्नात नातेवाइकांना टोपी-दुपट्टा देऊन मान करतात. त्या धावपळीत रामभाऊ सख्ख्या चुलतभावालाच विसरले होते. मी रामभाऊंना फोन लावला.

"मंग थोच काहून नाई आला मांगाले?" ते म्हणाले.

मी त्यांना फोनवर जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यानंतर रामभाऊ मान करायला तयार झाले, आणि देवराव सही करायला.

दस्ताच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसात देवराव फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसले. रामभाऊ कण्हत उठले, पिशवीतून कोरी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला. "चुकलो बापा," म्हणाले.

क्लार्क वैतागला. "काका, फोटोसाठी टोपी काढा."

"काहून काढू? आताच तं भेटली."

फोटो टोपीसकट निघाला. दोघंही रडत होते. खरं तर मीही.

अदलाबदल झाली, सातबारे बदलले. मी मोठ्या दिमाखात डॉक्टरांच्या खरेदीखताचा मसुदा केला. तोच रामभाऊंचा फोन आला.

"मॅडम, बगीचा इकत नाई आता. देवराव म्हनते, मी हाये ना पाहाले. त्याचे पोरंच पानी देऊन राहिले."

डॉक्टरांना हे सांगताना माझी जी फजिती झाली ती झाली. आमच्या धंद्यात विकणारा खरा मालक आहे का, एवढंच तपासतात. त्याला खरंच विकायचं आहे का, हे कोणी विचारत नाही. मी आता ते आधी विचारते, आणि मगच सर्चला हात लावते.