बाबांच्या फोटोखालचा प्लग

मंडळी, आई घरात पडल्यापासून कॅमेरा लावायचं डोक्यात होतं. आज कळव्याला जाऊन लावला.

ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग. हॉलमध्ये उंचावर एकच प्लग, तोही बाबांच्या हार घातलेल्या फोटोखाली. त्यात त्यांचा लाल दिवा, रात्रंदिवस चालू. एक्स्टेन्शन सोडलं तर वायर आईच्याच पायात येणार. शेवटी दिवा काढून कॅमेरा लावला.

"राहू दे ना रे तो," आई एवढंच म्हणाली.

वाय-फाय जोडून माजिवड्याला घरी आलो, मोबाइल उघडला. आई थेट माझ्याकडे बघत होती. मग कळलं, ती वरच्या फोटोशी बोलतेय.

"अहो, दिवा त्याने काढलाय. माझ्यासाठीच काढलाय. रागावू नका."

तुम्ही काय केलं असतं?